उधारीत भाव विचारता येत नाही

२०२४ च्या जूनच्या शेवटी बजेटमधे लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे सरकीची टोबण चालू होती. मी वावरात होते, संध्याकाळी घरी आले तर सासू म्हणे टीव्हीवर सांगून राहिले का बायकांना महिन्याचे पंधराशे भेटणार. मी काही विश्वास ठेवला नाही खरं म्हणजे. आमच्या भागात घोषणा लय होतात. पण आता वर्षाच्या वर होऊन गेलं आणि मला सारखं कोणी ना कोणी विचारते की पंधराशात काय होते वं, एका खताच्या बॅगचे पण होत नाहीत. त्यांना एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून हे सगळं लिहून काढते.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, पांढरकवड्याकडचे, तेलंगणाची सीमा जवळ. साडेतीन एकर कोरडवाहू, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. अडीच एकर कापूस, बाकीच्यात सोयाबीन आणि तूर. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी आठवीत आणि मुलगा पाचवीत. त्या जूनमधे कृषी केंद्राचे १८,००० द्यायचे होते, किराण्याच्या वहीत १,८५० होते आणि माझ्या नावावर बायकांच्या गटाच्या लोनचे सहा हप्ते बाकी होते, महिन्याला १,५८० चा एक. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे पैसे सासऱ्यांच्या खात्यात येतात, चार महिन्यांनी दोन-दोन हजार, आणि आले की सरळ बियाण्यात नाहीतर खतात जातात. ते घरात दिसतच नाहीत. माझ्या स्वतःच्या नावावर आजवर आलेला पैसा म्हणजे फक्त कर्जाचा. तो परत द्यायचाच असतो.

अर्जाचं सांगते. पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ. कोणी म्हणे उत्पन्नाचा दाखला लागतो, कोणी म्हणे डोमिसाईल, तहसीलला ही लाईन. आमच्या गावच्या बाया दोन-दोन दिवसाची मजुरी बुडवून तिथं उभ्या राहिल्या, दलालांनी शंभर-दोनशे घेतले. नंतर सरकारनं सांगितलं की पिवळं नाहीतर केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, आणि डोमिसाईल नसेल तर पंधरा वर्षं जुनं रेशन कार्ड, मतदान कार्ड, टीसी काहीही चालेल. पाच एकराची अटही काढली, वयही साठचं पासष्ट केलं. म्हणजे ज्या बाया पहिल्या चार दिवसांत धावल्या त्यांचेच पैसे जास्त गेले. माझं वेगळंच निघालं. माझ्या आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि तेही घरात ज्या नावानं हाक मारतात ते. आधार बदलायला तालुक्याला गेले तर मशीन बंद, दुसऱ्यांदा गेले तर टोकन संपले, तिसऱ्यांदा सकाळी पहिल्या एसटीनं गेले तेव्हा काम झालं. नशीब की बायकांना अर्धं तिकीट आहे.

फॉर्म आमच्या अंगणवाडीताईनं भरला. तिला एका फॉर्ममागे पन्नास रुपये मिळणार होते म्हणतात पण तिनं रात्री बारा-बारापर्यंत जागून भरले, कारण दिवसा ॲप चालतच नव्हतं. फोटो अपलोड होता होता गोल फिरत राहायचा. ती मला म्हणाली, "तू बस इथंच, झोप आली तं झोप, पण जाऊ नको, ओटीपी आला आन् तू नसली तं सगळं पुन्हा." मी अंगणवाडीच्या सतरंजीवर लेकरू घेऊन बसले होते. पावणेबाराला सबमिट झालं.

ऑगस्टच्या मध्यात, राखीच्या दोन-तीन दिवस आधी गावात मेसेज यायला लागले. हिचे आले, तिचे आले. माझे नाही. मी फॉर्ममधे जे खातं दिलं होतं त्यात शून्य. जीव असा खाली गेला की काय सांगू. मग सीएससीवाल्या, म्हणजे ऑनलाईन कामाच्या केंद्रातल्या पोरानं अंगठा घेऊन पाहिलं, तो म्हणे काकू तुमचे पैसे आले आहेत, पण आधार ज्या खात्याला जोडलं आहे तिथं गेले. ते खातं मी आठ वर्षांआधी गटाच्या वेळी उघडलं होतं आणि विसरूनच गेले होते. पासबुक सासूच्या पेटीत सापडलं, कोपरा उंदरानं खाल्लेलं. बँकेत गेले तर जुलै-ऑगस्टचे ३,००० जमा आणि त्यातून ४१३ कापलेले. मिनिमम बॅलन्स का काय ते. मी साहेबांना म्हटलं साहेब हे सरकारनं दिलेले आहेत, तुमी कसे कापता, तर म्हणे सिस्टिम कापते. भांडले थोडी, पण परत नाही मिळाले. २,५८७ रुपये घेऊन बाहेर आले आणि बँकेच्या पायरीवर बसून दोनदा मोजले.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या गावात किराण्याचं एकच मोठं दुकान आहे. पेरणीपासून कापूस घरात येईपर्यंत अख्खं गाव त्या दुकानाच्या भरोशावर जेवते. लांबट लाल वही आहे त्याची, एकेका घराला एक पान. आमचं पान सासऱ्यांच्या नावानं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे सोळा वर्षं, त्या दुकानात जाऊन मी म्हणायची "भाऊ, पाव तेल द्या, साखर अर्धा किलो द्या, पाच रुपयाची चहापत्ती", आणि तो द्यायचा, आणि वहीत लिहायचा. किती लिहिलं ते मी कधी विचारलं नाही. कारण उधारीवर घेणारा भाव विचारत नाही. विचारलं आणि त्याला राग आला, उद्या नाही म्हटलं तर? माणूस वाईट नाही तो, हे पण सांगते. माझ्या मुलाला रात्री ताप आला होता तेव्हा त्यानंच त्याच्या गाडीवर नेलं होतं. तो पण ठोकवाल्याकडून उधारीत आणतो, त्याचे पण पैसे अडकतात. पण तेल सुटं पाव किलो ३८ रुपयाला पडायचं, म्हणजे किलोचा हिशेब लावला तर १५२. आणि तेव्हा तालुक्याच्या बाजारात पाच लिटरची कॅन ५७० ला भेटत होती! हे मला माहीतच नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण ५७० रुपये एका वेळी माझ्या हातात कधी नव्हते, म्हणून महाग घ्यायची. गरिबाला सगळं पाव-पाव करून घ्यावं लागते आणि पावात सगळं महाग पडते.

त्या दिवशी मी आधी दुकानात गेले, हजार रुपये वहीवर जमा केले. मग विचारलं, "भाऊ, तेल कसं लावलं?" त्यानं मान वर करून पाहिलं. "काहून वहिनी, नेहमीचंच लिहून टाकतो ना." मी म्हटलं लिहू नका, नगदी नेते, भाव सांगा. तो म्हणाला, "नगदी असन तं पस्तीसनं देतो." तीन रुपयाचा फरक, बोलल्याबरोबर. सोळा वर्षं हे तीन रुपये प्रत्येक पावात जात होते आणि मला विचारायची हिंमत नव्हती. मला तिथंच रडू आलं, मी पदर तोंडाला लावून तशीच निघाले. पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन कॅनच आणली, साखर पाच किलो आणि चहापत्ती अर्धा किलो. एसटीत कॅन मांडीवर घेऊन बसले होते, ठेवायला जागा होती तरी. मुलीनं घरी कॅन पाहिली आणि पहिलं विचारलं, "आई, हे आपलंच आहे ना?" महिनाभरात सप्टेंबरात बाहेरच्या तेलावर सरकारनं ड्युटी वाढवली आणि तेल एकदम वीस-पंचवीस रुपयानं चढलं, आमच्या घरी कॅन अर्धी होती. आमचं सोयाबीन निघालं तेव्हा मात्र बाजारात क्विंटलला ४,१०० च्या वर कोणी बोलत नव्हतं, हमीभाव ४,८९२ होता. ते दुखणं वेगळं.

लोनचं सांगायचं राहिलं. दर महिन्याला वसुलीचा सर सकाळी सातला यायचा, सगळ्या बाया एका अंगणात बसायच्या. एकीचे कमी पडले की बाकीच्यांनी भरायचे, नाहीतर तो उठतच नाही, मोबाईल घेऊन बसून राहतो. कामाची वेळ निघून जाते, मग बायाच त्या बाईवर चिडतात. मी पण चिडलेली आहे एकीवर, आणि माझ्यावरही बाया चिडल्या आहेत. माझे शेवटचे चार हप्ते सप्टेंबर ते डिसेंबर असे सुटले, पंधराशेचा बराचसा पैसा त्यातच गेला आणि कमी पडले ते मी मजुरीतून टाकले. आमच्या गावात अर्ध्याच्या वर बायांचं हेच झालं, पैसे आले तसे हप्त्यात गेले. लोकांना दिसत नाही ते, लोकांना वाटते बायांनी साड्या घेतल्या. डिसेंबरात शेवटचा हप्ता दिला तेव्हा सर म्हणाला ताई आता तुम्हाला ५०,००० चं होईल, लगेच करून देतो. मी विचारलं व्याज किती. तो महिन्याचा हप्ता सांगायला लागला. मी म्हटलं हप्ता नको सांगू, व्याज सांग, सगळे मिळून किती परत द्यायचे ते सांग. मागच्या वेळी ३०,००० घेताना मी हे विचारलं नव्हतं, तेव्हा सासूचं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि विचारायला वेळ पण नव्हता, तोंड पण नव्हतं. या वेळी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं.

कापसाचं तर जे झालं ते मला आजही मोठं वाटते. आमच्याकडे दरवर्षी पहिला वेचा दिवाळीच्या आधी खेडा खरेदीवाल्याला जातो. तो टेम्पो घेऊन दारात येतो, काटा त्याचा, भाव त्याचा. दिवाळी तोंडावर, वहीवाल्याला द्यायचे, मजुरांना वेचणीचे द्यायचे, मग तो जे म्हणेल त्याला हो. त्या साली पाऊस जास्त झाला होता, खालची बोंडं सडली, कापूस ओलसर. तो ६,५०० म्हणाला. तेव्हा दिवाळीच्या आधीच लाडकी बहीणचे ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्ही महिन्यांचे मिळून ३,००० माझ्या खात्यात येऊन पडले होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबू ना. दिवाळीचं मी पाहते." वेचणीची थोडी मजुरी त्यातून दिली, लोनचा हप्ता दिला, मुलांना एक-एक ड्रेस, फराळात फक्त चिवडा आणि शंकरपाळे. कापूस पुढच्या खोलीत भरला, दारापासून आढ्यापर्यंत.

ज्यांच्या घरात कापूस राहिला आहे त्यांनाच माहीत आहे ते काय असते. महिनाभरात अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात, लाल पुटकुळ्या येतात, उंदीर होतात, आणि चूल पेटवताना जीव मुठीत, की एक ठिणगी उडाली तर वर्ष गेलं. आम्ही पाच जण अडीच महिने एका खोलीत झोपलो. सासरे बाहेर ओसरीत, थंडीत. पण जानेवारीत सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर नेला. सासऱ्यांचा सातबारा, त्याच्यावर पिकाची नोंद, आधार, सगळं घेऊन ते आणि हे रात्रीपासून लाईनीत होते. ओलावा १० टक्के निघाला, आठच्या वरचे दोन टक्के कापले. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१, तर आम्हाला ७,३७० पडले. ९ क्विंटल ४० किलो होता. मी मुलीला बसवून हिशेब करायला लावला, दारात विकला असता त्यापेक्षा आठ हजाराच्या वर जास्त. नुसते थांबलो म्हणून! कापूस तोच, वावर तेच.

मी या गोष्टीवर लय विचार केला. पंधराशे काही मोठे नाहीत. पण ते कशासाठी आले ते कोणी विचारत नाही, बिल मागत नाही, अमुकच घ्या म्हणत नाही, परत द्यायचे नाहीत. माझ्या माहेरी एका घरी कर्ता माणूस औषध पिऊन गेला होता, त्या कुटुंबाला सरकारकडून एक लाख मिळाले, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार खात्यात अडकवून ठेवलेले, महिन्याला थोडं व्याज. त्या वहिनीला ज्या महिन्यात शेत सावरायला पैसे पाहिजे होते त्या महिन्यात ते मिळाले नाहीत. कोणाला काय लागते ते त्या घरच्या बाईला माहीत असते, ऑफिसात बसून कसं कळणार.

माझी मोठी बहीण पैनगंगेच्या पलीकडं दिली आहे, आदिलाबादकडं. तिकडं २०१८ पासून तेलंगणा सरकारच्या रयतु बंधू योजनेचे पैसे पेरणीच्या आधी यायचे, पहिल्यांदा एकरी ४,००० आणि मग ५,००० एका हंगामाला. तिचे ४ एकर, म्हणजे मृगाच्या टायमाला वीस हजार हातात. ती म्हणायची आमी आता बियाणं उधारीत नाही आणत, नगदीत आणतो म्हणून दुकानदार बोगस द्यायला भेतो. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचा. पण ते पैसे जमीन ज्याच्या नावावर त्यालाच, मक्त्यानं करणाऱ्याला नाही आणि मजुरीवाल्या बाईला तर नाहीच. आमच्या गावात ज्या बायांकडे वावर नाही त्यांना आजवर अशा नगदी मदतीतलं काही मिळत नव्हतं, लाडकी बहीणमधे त्यांना मिळालं, हे मला सगळ्यात बरोबर वाटते.

आणि उमेदच्या, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानाच्या एका ट्रेनिंगमधे मॅडमनं सांगितलं होतं ते मी नंतर मोबाईलवर शोधून वाचलं. मध्य प्रदेशात २०११ मधे 'सेवा' या बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत असंच करून पाहिलं होतं, मोठ्या माणसाला महिना २०० आणि लेकराला १००, नंतर ३०० आणि १५०, काही अट नाही. तिथंही सगळे म्हणत होते दारूत जातील. दारू वाढली नाही, लोकांनी खाण्यावर खर्च केला, कर्ज कमी केलं, ढोरं-बकऱ्या घेतल्या, आणि काम सोडलं नाही. वाचून मला वाटलं की आमचीच गोष्ट आहे.

कामाचं म्हणाल तर आमच्याकडे मोठे शेतकरी ओरडतात की फुकटचे पैसे भेटून राहिले म्हणून बाया निंदणाला येत नाहीत. येतो आम्ही. दोनशेत येत नाही, अडीचशे मागितले आणि मिळाले. २०२३ च्या श्रावणात अंगात ताप असून मी निंदणाला गेले होते, दुपारी धुऱ्यावर चक्कर येऊन पडले, सोबतच्या बायांनी तोंडावर पाणी मारलं आणि मी उठून पुन्हा ओळ धरली, कारण दुसऱ्या दिवशी हप्ता होता. यंदा तसाच ताप आला तर मी दोन दिवस घरी राहिले. गोधडी घेऊन पडले, सासूनं पेज करून दिली. एवढंच. याला कोणी आळस म्हणत असेल तर म्हणो.

सगळं चांगलंच झालं असं पण नाही. एका घरी नवऱ्यानं एटीएम कार्डच काढून घेतलं, ती बाई आता आमच्यासोबत येऊन अंगठा लावून काढते आणि त्याला कमी सांगते. आमच्या ह्यांनी एकदा फवारणीला हजार मागितले, पहिल्यांदाच मागितले, आधी मागायची वेळच कधी आली नव्हती. मी दिले आणि मुलीच्या वहीत लिहिले. त्यांना ते लागलं मनाला, दोन दिवस बोलले नाहीत. पण कापसाचे पैसे आले तेव्हा सगळ्यात आधी माझे हजार आणून दिले. मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं ते दोन वर्षं तशीच राहिली होती, त्या हजारातून तिचा चष्मा केला.

भाव मात्र पाहिजे, हे मी ठासून सांगते. सोयाबीनमधे क्विंटलमागे सात-आठशेचा मार बसला तर माझे पंधराशे त्यात कुठल्या कुठे जातात. दोन्ही द्या म्हणते मी, एकाच्या बदल्यात दुसरं नको. आणि देताना दरवेळी जीव टांगणीला लावू नका. कधी महिन्याच्या शेवटी येतात, कधी दोन महिने मिळून येतात, कोणाचं नाव कधी कटेल सांगता येत नाही. ज्या पैशाची तारीख माहीत नाही त्याच्या भरोशावर कापूस कसा थांबवायचा?

२०२५ च्या सप्टेंबरपासून या योजनेचं ईकेवायसी, म्हणजे आधारवरून ओळख तपासणं सुरू झालं. माझं आधार, मग नवऱ्याचं आधार, दोघांचे ओटीपी. साईट दिवसा उघडतच नव्हती, रात्री एक वाजता मुलीनं करून दिलं, हे झोपेतून उठून ओटीपी सांगत होते. आमचं झालं. पण शेजारच्या काकूचा नवरा सहा वर्षांआधी गेला, वडील त्याच्याही आधी. साईट म्हणे नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर टाका. त्यांचा ओटीपी कुठून आणायचा तिनं? नोव्हेंबरात कळलं की अशा बायांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडीत द्यायचा, तर दाखला ग्रामपंचायतीत सापडेना, नाव चुकलेलं. मी तिच्यासोबत तीन चकरा मारल्या. परवा कागद दिले. तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या मी आणल्या, १८० च्या. मी म्हटलं राहू द्या काकू. ती ऐकेना, म्हणे, "नाही वं बाई, वही काढ, आन् माह्यासमोर लिही." मी लिहिले. मग तिनं वही हातात घेतली, वाचता येत नाही तिला, तरी आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे एकशे ऐंशीच आहेत ना.